राजकारणातली दुफळी आणि बडे उद्योग: कोण कोणाच्या बाजूला, आणि का

प्रश्न असा आहे: देशाच्या राजकारणात इतकी टोकाची दुफळी दिसते, तर मोठे उद्योगपतीही त्यात वाटले गेले आहेत का? की वर सगळे एकच असतात आणि भांडणं फक्त तुमच्या-आमच्यासाठी?

दोन्ही नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कंपन्यांत कंपनी सेक्रेटरी म्हणून मी उभी हयात काढली. संचालक मंडळासाठी टिपणं लिहायची, दिल्लीत पाठपुरावा करणाऱ्यांशी रोज बोलायचं, उद्योग संघटनांच्या समित्यांवर बसायचं, हे काम. त्या खुर्चीतून जे दिसलं ते असं की उद्योगजगत कायमच फुटलेलं असतं, पण त्याची फूट पक्षांच्या फुटीच्या रेषेवर क्वचितच पडते. कंपनीची फाइल कोणत्या खात्यात अडकली आहे, तिचा माल आयात मालाशी भिडतो की ती स्वतःच आयात कच्च्या मालावर चालते, तिचं गिऱ्हाईक सरकार आहे की सामान्य माणूस, यावर ती रेषा ठरते. पक्षाचा रंग त्यानंतर चढतो, आणि लवकर उतरतोही.

हे आजचं नाही. १९३३ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांतर्फे होमी मोदी यांनी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडवाल्यांशी करार केला, कारण मुंबईला खरी भीती जपानी कापडाची होती. अहमदाबादच्या गिरण्या तलम कापडात थेट लँकेशायरशी झुंजत होत्या, त्यांनी या कराराला कडाडून विरोध केला. दोघंही भारतीय, दोघंही गिरणीमालक, दोघांचंही इंग्रज सरकारशी आणि काँग्रेसशी नातं मात्र वेगळं. ते नातं आधी ठरलं आणि धंदा नंतर, असं इतिहास वाचताना वाटतं. प्रत्यक्षात क्रम उलटा होता.

तीन वर्षांनी, १९३६ मध्ये, लखनौ काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून नेहरूंनी समाजवादाचा उघड पुरस्कार केला आणि मुंबईतल्या २१ उद्योगपती-व्यापाऱ्यांनी निषेधाचं पत्रक काढलं. सही करणाऱ्यांत वालचंद हिराचंद होते. घनश्यामदास बिर्ला चिडले, पण नेहरूंवर नाही, तर सही करणाऱ्यांवर. वालचंदांना त्यांनी पत्र लिहून खडसावलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की काँग्रेसमध्येच वल्लभभाई, राजाजी, राजेंद्रबाबू हे समाजवादाला आवर घालत आहेत. आपण बाहेरून ओरडलो तर त्यांचेच हात कमजोर होतील. बाहेरून विरोध करायचा की आत राहून माणसं सांभाळायची, या दोन पद्धतींचा वाद भारतीय उद्योगात आजही तसाच चालू आहे, आणि बहुतेक वेळा बिर्लांची पद्धत जिंकते.

१९४४ च्या बॉम्बे प्लॅनवर मी थांबत नाही. जे. आर. डी. टाटा, बिर्ला, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई अशा आठ जणांनी १५ वर्षांचा, १०,००० कोटी रुपयांचा आराखडा मांडला आणि त्यात सरकारी नियंत्रणाला बरीच जागा दिली, एवढं पुरे. ज्यांना आपण आज मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते समजतो त्यांनीच सरकारला आत बोलावलं होतं. भांडवल कमी होतं, परदेशी कंपन्या बलाढ्य होत्या, त्यामुळे ते स्वाभाविकही होतं.

खरी फूट पुढे पडली. १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. १९५६ मध्ये ए. डी. श्रॉफ यांनी फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज काढला आणि १९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी 'स्वतंत्र' नावाचा पक्ष. आता उद्योगांना पहिल्यांदाच आपली भाषा बोलणारा राष्ट्रीय पक्ष मिळाला होता. त्यांनी काय केलं? जे. आर. डी. टाटांनी १९६१ मध्ये नेहरूंना कळवून टाकलं की टाटा काँग्रेसला देणगी देणारच आहेत, पण स्वतंत्र पक्षालाही देणार आहेत. नेहरूंनी तो त्यांचा अधिकार मान्य केला, पण त्या पक्षाकडून फार आशा ठेवू नका असंही सुचवलं. पंतप्रधानाला आधी सांगून विरोधी पक्षाला धनादेश देणं, ही आजच्या कुठल्याही कॉर्पोरेट अफेअर्सवाल्याला परीकथा वाटेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या: टाटांनीही काँग्रेसचा धनादेश थांबवला नव्हता.

त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात एक प्रकरण गेलं होतं. टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता, आणि एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी १९५७ मध्ये बदलाला परवानगी दिली, कारण कायद्यात आडकाठी नव्हती. पण निकालातच त्यांनी इशारा दिला की कंपन्यांचा पैसा राजकारणात मोकाट शिरला तर लोकशाही गुदमरू शकते, आणि संसदेने यात लक्ष घालावं. कंपनी कायद्यात १९६० मध्ये देणगीवर मर्यादा आली. त्या निकालातली भीती आणि २०२४ मधल्या इलेक्टोरल बाँडच्या, म्हणजे नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी देण्याच्या रोख्यांच्या, निकालातली भीती यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

मग १९६९. हे वर्ष नीट समजून घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. जुलैत इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखातं काढून घेतलं आणि तीन दिवसांत, १९ जुलैला, ५० कोटींहून अधिक ठेवी असलेल्या १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. सेंट्रल बँकेवर टाटांचा, युनायटेड कमर्शियलवर बिर्लांचा वरचष्मा मानला जाई. ऑगस्टमध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी जिंकले, पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी हरले, आणि नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. मक्तेदारी नियंत्रणाचा कायदाही त्याच वर्षीचा, आणि कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदीही त्याच वर्षीची. सिंडिकेटचे, म्हणजे काँग्रेसमधल्या इंदिरा-विरोधी जुन्या गटाचे नेते, विशेषतः मुंबईचे स. का. पाटील, उद्योगांकडून निधी उभा करण्यात वाकबगार होते. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनाही कंपन्यांकडून पैसा येत होता. बंदीचा फटका कोणाला जास्त बसला हे तुम्हीच ताडा. तत्त्व म्हणून बंदी चुकीची होती असं मी म्हणत नाही, पण तिची वेळ निव्वळ तत्त्वाने ठरली होती हे मला पटत नाही.

१९७१ च्या लोकसभेत उद्योगपती स्वतःच मैदानात उतरले. नवल टाटा दक्षिण मुंबईतून अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या उमेदवाराकडून हरले. कृष्णकुमार बिर्ला झुनझुनूतून स्वतंत्र पक्षातर्फे उभे राहिले, तेही हरले. इंडियन एक्स्प्रेसचे रामनाथ गोएंका विदिशातून जनसंघाच्या तिकिटावर निवडून आले. वर्ध्याचे खासदार, जमनालालजींचे चिरंजीव कमलनयन बजाज संघटना काँग्रेसच्या, म्हणजे फुटीनंतरच्या इंदिरा-विरोधी काँग्रेसच्या, बाजूला राहिले होते, त्यांची जागा गेली. इंदिरा गांधींना ३५२ जागा मिळाल्या, आणि १९६७ मध्ये ४४ जागा जिंकलेला स्वतंत्र पक्ष ८ वर आला.

पुढे त्यांचं काय झालं ते बघा, कारण उत्तर तिथेच आहे. कृष्णकुमार बिर्ला इंदिरा गांधींच्या जवळ गेले आणि १९८४ पासून काँग्रेसतर्फे राज्यसभेत बसले, २००२ पर्यंत. गोएंकांनी आणीबाणीत सरकारशी उभा दावा मांडला. मुकंद कंपनीचे वीरेन शहा आणीबाणीविरोधकांवर भरलेल्या बडोदा डायनामाइट प्रकरणात तुरुंगात गेले. बजाज समूहावर १९७६ मध्ये आयकराच्या मोठ्या धाडी पडल्या. दुसरीकडे खुद्द जे. आर. डी. टाटांनी आणीबाणीच्या काळात संप आणि गोंधळ थांबल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. म्हणजे १९६१ मध्ये विरोधकांना उघड पैसे देणारा माणूस, आणि १९७१ मध्ये विरोधात उभा राहिलेला उमेदवार, दोघंही आणीबाणीपर्यंत सत्तेशी जुळवून घेतात. कारण दरम्यान पोलाद, सिमेंट, कापड, साखर, प्रत्येक गोष्टीच्या विस्ताराचा परवाना दिल्लीच्या उद्योग भवनातून येत होता. यात नैतिक अधःपतन शोधण्यापेक्षा परवान्यांची यादी बघावी.

माझ्या या नियमाला बजाज हा ठळक अपवाद आहे, आणि तो मी लपवत नाही. स्कूटरचा परवाना सरकारच्याच हातात असताना त्या घराण्याने वाकडं घेतलं. वर्धा, सेवाग्राम, गांधीजी यांच्याशी असलेलं नातं ताळेबंदात बसत नाही. पण त्याच घरातल्या राहुल बजाज यांची कारकीर्द पाहिली तर नियमही दिसतो. १९९३ मध्ये मनमोहन सिंग यांचं उदारीकरण जोरात असताना मुंबईत काही उद्योगपती एकत्र बसले आणि परदेशी कंपन्यांपुढे आम्हालाही समान संधी द्या अशी मागणी केली. माध्यमांनी त्यांना बॉम्बे क्लब म्हटलं, आणि त्याचा चेहरा राहुल बजाज होते. त्याच वेळी सीआयआय ही उद्योगांची राष्ट्रीय संघटना सुधारणांच्या बाजूने ठाम उभी होती. म्हणजे १९९३ मधली फूट काँग्रेसवाले विरुद्ध भाजपवाले अशी नव्हती. ज्यांचा बाजार परदेशी कंपनी आल्याने जाणार होता ते एका बाजूला, आणि ज्यांना परदेशी भागीदार, यंत्रं किंवा निर्यात हवी होती ते दुसऱ्या बाजूला. याच बजाज यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीत सीआयआयच्या सभेत गुजरात दंगलींबद्दल नरेंद्र मोदींना तोंडावर प्रश्न विचारले. जमशेद गोदरेज यांनीही विचारले. याच बजाज यांना २००६ मध्ये प्रमोद महाजनांच्या निधनाने रिकामी झालेली राज्यसभेची जागा मिळाली ती भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादी यांच्या मतांवर, काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून. आणि ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईत अमित शहांसमोर उभं राहून उद्योगपती टीका करायला घाबरतात, असं तेच बोलले. कोणता पक्ष म्हणायचा हा?

२००३ च्या त्या सभेचा पुढचा भाग जास्त बोलका आहे. गुजरातमधल्या उद्योगपतींनी, त्यांत गौतम अदानी होते, रिसर्जंट ग्रुप ऑफ गुजरात नावाचा गट काढला आणि सीआयआयच्या गुजरात शाखेने राजीनामा द्यावा म्हणून दबाव आणला. सभासद संस्था सोडून जाऊ लागल्या, दिल्लीतली दारं बंद होऊ लागली, आणि सीआयआयच्या महासंचालकांनी, तरुण दास यांनी, माफी मागितली. त्याच वर्षी सप्टेंबरात पहिली व्हायब्रंट गुजरात परिषद झाली. उद्योग संघटना हे तिच्या सभासदांचं दुकान असतं. सभासदांचं काम दिल्लीत होईनासं झालं की संघटनेचा ताठा टिकत नाही. समितीच्या बैठकांत मी हे जवळून पाहिलेलं आहे. निवेदनाचा मसुदा सोमवारी कडक असतो, शुक्रवारी त्यात 'स्वागत' हा शब्द तीन वेळा आलेला असतो.

फूट खरोखर किती खोल असते ते बघायचं असेल तर दूरसंचार बघा. माझ्या मते गेल्या २५ वर्षांतला भारतीय उद्योगाचा सर्वांत उघडा आखाडा तोच. २००१ च्या आसपास जीएसएम या तंत्रावर चालणाऱ्या मोबाइल कंपन्यांनी परवान्यासाठी मोठी रक्कम मोजलेली होती. तेवढ्यात लँडलाइनचा परवाना असलेल्यांना मर्यादित फिरती सेवा द्यायला परवानगी मिळाली, आणि सीडीएमए तंत्र वापरून ती सेवा मोबाइलइतकीच फिरू लागली. रिलायन्स आणि टाटा टेलिसर्व्हिसेस या बाजूला, भारती (म्हणजे एअरटेल) आणि हच (पुढची व्होडाफोन) त्या बाजूला. गंमत अशी की आयडिया ही जीएसएम कंपनी तेव्हा बिर्ला, एटी अँड टी आणि टाटा यांची मिळून होती. म्हणजे टाटा समूह एकाच भांडणात दोन्हीकडे उभा होता! प्रमोद महाजन यांच्यानंतर अरुण शौरी मंत्री झाले आणि नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवाना आणून ते भांडण मिटवलं गेलं. सरकार तेच, पंतप्रधान तेच, पण खाजगीत एक गट सरकारवर खूश आणि दुसरा नाराज.

पुढे जिओ आली. एका कंपनीच्या ग्राहकाने दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन केला की पहिलीने दुसरीला मिनिटामागे १४ पैसे द्यायचे, हा दर ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाला आणि जानेवारी २०२१ पासून शून्य. बाहेर फोन जास्त जाणाऱ्या नव्या कंपनीला हे हवं होतं, जुन्या कंपन्यांना नको होतं. जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया या तिन्ही कंपन्या एकाच संघटनेच्या सभासद, आणि संघटनेच्या पत्रांवरून त्यांचे जाहीर खटके उडत. पण २०२४ मध्ये उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्यासाठी लहरी (स्पेक्ट्रम) लिलावाने द्याव्यात की सरकारने थेट वाटून द्याव्यात हा प्रश्न आला तेव्हा जिओ आणि एअरटेल इलॉन मस्क यांच्या स्टारलिंकविरुद्ध एका सुरात बोलत होत्या. मार्च २०२५ मध्ये, एका दिवसाच्या अंतराने, दोघींनी स्टारलिंकशीच करार केला. आता या सगळ्यात उजवे-डावे, सेक्युलर-राष्ट्रवादी कुठे बसवणार?

घराण्यांच्या आतली फूट याहून वेगळी नसते. २००५ मध्ये अंबानी बंधूंची वाटणी झाली आणि कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसचा दर हा वादाचा मुद्दा झाला. कौटुंबिक समझोत्यातला दर २.३४ डॉलर, सरकारने मान्य केलेला ४.२० डॉलर. अनिल अंबानी २००४ मध्ये समाजवादी पक्षाच्या पाठिंब्याने राज्यसभेत गेलेले होते. २००९ च्या जुलैत त्या पक्षाच्या खासदारांनी गॅसच्या प्रश्नावर लोकसभेत गदारोळ केला. दोन भावांचा करार संसदेत आणि मग सर्वोच्च न्यायालयात. ७ मे २०१० च्या निकालाने सांगितलं की गॅस ही देशाची संपत्ती आहे आणि सरकारी धोरणापुढे कौटुंबिक समझोता चालणार नाही. भाऊ राजकारणामुळे वेगळे झाले नव्हते, पण वेगळे झाल्यावर प्रत्येकाला राजकारणात माणूस लागला.

आता पैशाकडे येतो, कारण वाचकांना खरी उत्सुकता त्याची असते. १९६९ ते १९८५ कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी होती, म्हणून त्या थांबल्या नाहीत, त्यांनी वेष बदलला. पक्षांच्या स्मरणिका निघत आणि त्यांत कंपन्यांच्या पानभर जाहिराती असत. अंक कोणी वाचत नसे. बाकीचा व्यवहार रोखीत. १९८५ मध्ये देणगी पुन्हा कायदेशीर झाली, नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत. १९९६ मध्ये टाटांनी इलेक्टोरल ट्रस्ट, म्हणजे कंपन्यांकडून देणगी घेऊन ती पक्षांना वाटणारी संस्था, काढून पक्षांना लोकसभेतल्या जागांच्या प्रमाणात पैसे द्यायची पद्धत सुरू केली. ही मला आजही सर्वांत सभ्य पद्धत वाटते, जरी तिचा अर्थ जो आधीच मोठा आहे त्यालाच जास्त असा होत असला तरी.

देणगीचा विषय संचालक मंडळापुढे कसा येतो ते सांगतो. अजेंड्यावर तो वर कधी नसतो. तिमाही निकाल, लेखापरीक्षण समितीचं टिपण, कर्जाची मंजुरी हे सगळं झाल्यावर, जेवणाची वेळ होत आली की येतो. टिपण एका पानाचं. मागच्या तीन वर्षांचा सरासरी निव्वळ नफा किती, त्याचे साडेसात टक्के (५ टक्क्यांची मर्यादा पुढे इतकी झाली) किती, चालू वर्षात आतापर्यंत किती दिले, आणि प्रस्तावित रक्कम. पक्षाचं नाव सहसा नसतं, ट्रस्टचं असतं. हा ठराव कागद फिरवून सह्या घेऊन करता येत नाही. कंपनी कायद्याचं कलम १८२ सांगतं की तो मंडळाच्या बैठकीतच व्हायला हवा. म्हणजे निदान सगळ्यांनी तो ऐकायला हवा, ही कायद्याची अपेक्षा. एखादा स्वतंत्र संचालक विचारतो, 'गेल्या वर्षीपेक्षा जास्त का?' उत्तर येतं, 'निवडणुकीचं वर्ष आहे.' पुढचा विषय.

आणि वाटप कसं ठरतं? विचारसरणीचा शब्द त्या खोलीत मी कधी ऐकला नाही. केंद्रात जो सत्तेत त्याला मोठा वाटा, ज्या राज्यात कारखाना किंवा खाण आहे तिथल्या सत्ताधाऱ्याला दुसरा, आणि उद्या येऊ शकेल अशा विरोधकाला दार उघडं राहील इतपत. गिऱ्हाईक सामान्य माणूस असलेल्या कंपन्या, म्हणजे साबण, औषधं, सॉफ्टवेअर, या यादीत कमी दिसतात. खाणी, वीज, रस्ते, बांधकाम, दूरसंचार, लॉटरी जास्त दिसतात.

२०१७ मध्ये साडेसात टक्क्यांची मर्यादाच काढली गेली आणि पक्षाचं नाव जाहीर करायची अटही. २०१८ पासून बाँड आले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते सगळं घटनाबाह्य ठरवलं आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. सुमारे १६,५०० कोटींचे बाँड विकले गेले होते, त्यांतले साधारण निम्मे भाजपला गेले. पण सर्वांत मोठी खरेदीदार कंपनी, १,३६८ कोटींची, लॉटरीच्या धंद्यातली, आणि तिच्या पैशाचे सर्वांत मोठे वाटेकरी होते तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक, म्हणजे बंगाल आणि तामिळनाडूतले सत्ताधारी. लॉटरी चालू ठेवायची की बंद करायची हे राज्य सरकारं ठरवतात. यातून देवाणघेवाण सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट सांगतो. दिसतं एवढंच की परवानगी जिथून मिळते तिथे पैसा जातो, मग तिथे बसलेला पक्ष मोदींच्या बाजूचा असो वा विरोधातला.

राजकीय दुफळीचा प्रश्न विचारणाऱ्यांना मी हमखास एक प्रकरण सांगतो. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की वेदांत समूहाकडून घेतलेल्या देणग्यांत भाजप आणि काँग्रेस या दोघांनीही परदेशी देणग्यांच्या कायद्याचा भंग केला. निवडणूक तोंडावर होती, प्रचारात दोन्ही पक्ष एकमेकांचे वाभाडे काढत होते. पुढे २०१६ मध्ये वित्त विधेयकातून परदेशी कंपनीची व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने बदलली, आणि २०१८ मध्ये तो बदल मागे थेट १९७६ पर्यंत नेला. म्हणजे दोघंही सुटले. लोकसभेत ते कलम चर्चेविना गेलं. विरोधी बाकांवरून त्या दिवशी काही फार मोठा आवाज झाल्याचं कोणाला आठवत नाही.

राज्यांत तर चित्र आणखीच वेगळं. केरळमधलं विळिंजम बंदर अदानी समूहाला २०१५ मध्ये काँग्रेसच्या ओमन चंडी सरकारने दिलं, डाव्यांच्या पिनराई विजयन सरकारने ते पूर्णत्वाला नेलं आणि मे २०२५ मध्ये उद्घाटन नरेंद्र मोदींनी केलं. अदानी समूहावर गैरव्यवहाराचे आरोप करणाऱ्या, हिंडेनबर्ग या अमेरिकी संस्थेच्या अहवालानंतर काँग्रेस संयुक्त संसदीय समितीची मागणी लावून धरत असताना एप्रिल २०२३ मध्ये शरद पवारांनी त्या मागणीला जाहीर असहमती दाखवली. तेलंगणात काँग्रेसच्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये दावोसला याच समूहाशी १२,४०० कोटींचे करार केले. मुख्यमंत्र्याला कारखाना हवा असतो, रोजगाराचा आकडा हवा असतो. वेदांत-फॉक्सकॉनचा चिप बनवण्याचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातमधल्या धोलेऱ्याला गेला तेव्हा महाराष्ट्रात जे रान उठलं त्यात कोणी मोठ्या उद्योगांच्या विरोधात बोलत नव्हतं, सगळे 'आमच्याकडे का नाही' एवढंच विचारत होते. (पुढे २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली, ही गोष्ट वेगळी.)

मग घाबरण्याचं काय, असं तुम्ही विचाराल. माझा अनुभव असा की सत्ता विभागलेली असते तेव्हा उद्योगांतले मतभेद मोठ्याने ऐकू येतात. १९८९ ते २०१४ या आघाड्यांच्या काळात एका मंत्रालयात काम अडलं तर दुसऱ्या पक्षाचा मंत्री गाठता येत होता, त्यामुळे कंपन्या एकमेकींविरुद्ध आणि सरकारविरुद्धही बिनधास्त बोलत. किरकोळ व्यापारातल्या परदेशी गुंतवणुकीवर २०१२ मध्ये सरकारमधून एक घटक पक्ष बाहेर पडला आणि व्यापारी संघटना व मोठी दुकानं उघडपणे भिडल्या, तो त्या काळाचा शेवटचा मोठा तमाशा. एका पक्षाला भक्कम बहुमत मिळालं की, १९७१ नंतर असो वा २०१४ नंतर, मतभेद संपत नाहीत. ते पत्रकार परिषदेतून उठून अर्थसंकल्पपूर्व निवेदनाच्या जोडपत्रात जाऊन बसतात. त्यामुळे टीव्हीवर अर्थसंकल्पाला दहापैकी दहा गुण देणारे उद्योगपती बघून 'हे सगळे एकच' असा निष्कर्ष काढू नका.

हे मतभेद कुठे वाचायला मिळतात? आयातीवरच्या अँटी-डम्पिंग शुल्काच्या (पडत्या भावाने येणाऱ्या परदेशी मालावरच्या जादा कराच्या) चौकश्या डीजीटीआर या वाणिज्य मंत्रालयाच्या विभागाकडे चालतात आणि त्यांचे अंतिम निष्कर्ष सार्वजनिक असतात. पॉलिस्टरचा कच्चा माल पीटीए घ्या. तो देशात बनवणाऱ्या मोजक्या बड्या कंपन्यांना आयातीवर शुल्क हवं होतं. त्यापासून धागा आणि कापड करणारे ते काढा म्हणून वर्षानुवर्षं मागे लागले होते, आणि फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात ते निघालं. अशा प्रत्येक प्रकरणात शुल्क मागणारे कोण, वापरणारे कोण, कोणी काय युक्तिवाद केला, हे नावानिशी छापलेलं असतं. त्याच्या शेजारी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचे इलेक्टोरल ट्रस्टचे वार्षिक अहवाल ठेवा. पोलादाच्या एखाद्या प्रकरणापासून सुरुवात करा; एकाच ट्रस्टला पैसे देणाऱ्या दोन कंपन्या डीजीटीआरपुढे एकमेकींच्या विरुद्ध बाजूला बसलेल्या सापडल्या, तर नवल वाटून घेऊ नका.